पट्टा पडल्यावर लागलेली झोप

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आष्ट्यातल्या माझ्या दवाखान्यात ते आले ते पोट धरूनच. बेंबीच्या डाव्या अंगाला, चार बोटं सोडून, लिंबाएवढी लालबुंद गाठ. हात लावला तर कढत, मधोमध पिलपिलीत. म्हणजे आत पू झालेला. वय ४४, वाळवा तालुक्यातलं गाव, एका साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे उसाचा रस आटवून साखर करणाऱ्या पॅनवरचे कामगार. मी त्यांना दहा वर्षं ओळखते. "कशानं झालं?" विचारलं तर म्हणाले, "काय चावलं असंल." शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

डब्यात अंगठ्याएवढ्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. एक रिकामी, दुसरीत तळाशी थोडं पाणी. लाल टोपणाच्या इन्सुलिनच्या पाच सिरिंज. इंजेक्शनच्या पाण्याची प्लॅस्टिकची एक कुपी, तोंडाला चिकटपट्टी लावलेली. बाटलीच्या लेबलवर डीएसआयपी, ५ मिलिग्रॅम, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी, माणसांत वापरू नये'.

"झोपंचं इंजेक्शन हाय मॅडम. पेप्टाइड म्हणत्यात. पुतण्यानं मागवून दिलं. गाठीचं जाऊ द्या, पण गुण लय आला बगा. तीन वर्षांत अशी झोप नव्हती लागली."

हे प्रकरण मी त्यांच्या आणि वहिनींच्या परवानगीनं लिहिते आहे. गावाचं आणि कारखान्याचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून घातलेलं नाही. लिहायचं कारण ती गाठ नाही. गाठ चीर देऊन मोकळी केली, पुवात नेहमीचा स्टॅफिलोकॉकस जंतू निघाला, गोळ्या दिल्या, बाराव्या दिवशी जखम कोरडी झाली. कारण आहे ते 'गुण लय आला' हे वाक्य. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना झोप खरोखरच लागली होती.

बाटली, पाणी आणि लाल टोपण

आधी गाठीचं सांगते, कारण या इंजेक्शनांच्या बाबतीत सगळे औषधाच्या गुणदोषांवर बोलतात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय घडतं ते कुणी विचारत नाही.

पावडर पाण्यात विरघळवून घ्यायची असते. विकणाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून सांगितलं होतं, दोन मिली पाणी घाला आणि रोज रात्री दहा युनिट घ्या. मेडिकलमधून दहा मिलीची कुपी आणली. त्यातलं दोन मिली पहिल्या बाटलीत गेलं आणि उरलेल्या आठ मिलीला चिकटपट्टी लावून कुपी फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली, दुसऱ्या बाटलीसाठी. ते पाणी एकदाच वापरायचं असतं. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं काहीच नसतं. इन्सुलिनच्या बाटलीत मेटाक्रेसॉलसारखं संरक्षक घातलेलं असतं, म्हणून ती महिनाभर टोचून टोचून वापरता येते. त्यांच्या आईला मधुमेह आहे, घरात इन्सुलिन रोजचं. ते बघून कुठलीही बाटली तशीच चालते असा समज झाला. दुसऱ्या बाटलीच्या पाचव्या दिवशी पोट लाल झालं.

दुसरी गोष्ट मला त्यांच्या एका वाक्यावरून कळली. "वीस दिवस पुरंल म्हणालं हुतं, आठव्या दिवशीच संपली."

मी डब्यातली सिरिंज उजेडात धरली. लाल टोपण, शेवटच्या रेघेवर आकडा ४०. आपल्याकडं मेडिकलमध्ये इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४०, म्हणजे चाळीस रेघांत एक मिली, आणि नारिंगी टोपणाची यू-१००, म्हणजे शंभर रेघांत एक मिली. परदेशी हिशेब सगळा यू-१०० चा. तिथले दहा युनिट म्हणजे ०.१ मिली, या बाटलीतून २५० मायक्रोग्रॅम. लाल टोपणाच्या दहा रेघा म्हणजे ०.२५ मिली, ६२५ मायक्रोग्रॅम. अडीच पट. रोज. त्यांच्या आईसाठी हीच लाल सिरिंज बरोबर होती, कारण तिची बाटली ४० ची आहे. या पावडरीसाठी कुठली घ्यायची हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं. बाटलीत लेबलावरचंच औषध होतं की नाही आणि होतं तर किती, हे कुणी तपासलेलं नव्हतंच. तरी सोळा दिवस ते पोटात टोचलं गेलं.

अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळीच्या अर्ध्या तुकड्यासाठी आमच्या गावच्या मेडिकलवाल्याला एच-१ च्या, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या, वहीत माझं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते सगळं लिहून ठेवावं लागतं. ही बाटली कुरिअरवाल्यानं दारात दिली, सही घेतली आणि गेला.

हे डीएसआयपी आहे तरी काय

त्यांनी सरळ विचारलं, "हे बोगस हाय का मॅडम?" नुसतं हो म्हणून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. पुतण्या शिकलेला आहे, त्यानं वाचलेलं सगळंच खोटं नव्हतं. म्हणून मी जे त्यांना सांगितलं ते इथंही सांगते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. इन्सुलिन ही ५१ मण्यांची माळ. बाळंतपणात कळा वाढवायला देतात ते ऑक्सिटोसिन फक्त नऊ मण्यांचं. म्हशीला पान्हा सोडवायला चोरून टोचतात ते तेच. त्यामुळं 'पेप्टाइड' हा शब्द ऐकून घाबरायचंही कारण नाही आणि भुलायचंही नाही. कोणती माळ, कुणावर तपासली आणि तपासून काय निघालं, एवढाच प्रश्न.

डीएसआयपी, म्हणजे डेल्टा स्लीप-इंड्युसिंग पेप्टाइड, हीसुद्धा नऊ मण्यांची माळ. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मोनिये आणि शोएननबर्गर यांच्या गटानं सशांच्या मेंदूला विजेचे हलके झटके देऊन त्यांना झोपवलं आणि मेंदूतून परत येणाऱ्या रक्तातून हा पदार्थ वेगळा केला. १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. दुसऱ्या सशाला दिल्यावर मेंदूच्या आलेखात गाढ झोपेच्या संथ डेल्टा लहरी वाढल्या, म्हणून नावातच डेल्टा आलं. त्या काळी ही फार मोठी बातमी होती, कारण शरीर स्वतःच झोपेचं रसायन बनवतं आणि ते बाटलीत भरता येईल, ही आशा त्यात होती.

पुढं ती आशा फळाला आली नाही. ही माळ बनवणारं जनुक सापडलं नाही. ती पेशीवर जिथं जाऊन बसेल अशी ठरावीक जागाही (रिसेप्टर) सापडली नाही. रक्तात ती काही मिनिटांतच तुटते. ऐंशीच्या दशकात निद्रानाशाच्या थोड्या थोड्या रुग्णांना ती शिरेतून देऊन बघितली, सुरुवातीचे निकाल उत्साहाचे होते. मग १९९२ मध्ये १६ जुनाट रुग्णांवरचा एक अभ्यास आला. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं पाणी हे डॉक्टरलाही माहीत नाही आणि पेशंटलाही नाही, अशा रीतीनं केलेला. यंत्रावर झोप थोडी सुधारलेली दिसली, पण परिणाम फिका होता, आणि 'झोप कशी लागली' या प्रश्नाला रुग्णांच्या उत्तरात फरक पडला नाही. याचा उपचार म्हणून फारसा उपयोग होईलसं दिसत नाही, असं अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं. २००६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी या विषयाचा आढावा घेतला तेव्हाही शीर्षकातच 'न सुटलेलं कोडं' म्हटलं होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं औषध दुकानात तयार करून देण्याच्या पदार्थांमधली जी नावं सुरक्षेच्या कारणावरून बाजूला काढली, त्यात हे एमिडेल्टाइड या नावानं होतं. भारतात त्याला औषध म्हणून मान्यता नाही.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ते सगळं खरं असंल. पण मला लागली की झोप."

एक जुना कॅलेंडर

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर माझ्याच कपाटात होतं.

त्यांचे जुने केसपेपर काढले. झोप नाही म्हणून पहिल्यांदा आले ते डिसेंबर २०२२ मध्ये. मग जानेवारी. पुढच्या वर्षी पुन्हा डिसेंबर, फेब्रुवारी. त्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत दोनदा. तिन्ही वर्षांत एप्रिल ते सप्टेंबर झोपेसाठी एकही फेरी नाही. कारखान्यातल्या पाळ्या पहाटे ४ ते १२, दुपारी १२ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते पहाटे ४, दर आठवड्याला बदलणाऱ्या. हंगाम संपला की पॅनमनचं काम ओव्हरहॉलिंगचं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत.

मी भिंतीवरचा कॅलेंडर उतरवून मार्चचं पान त्यांच्यापुढं ठेवलं. कारखान्याचा पट्टा कधी पडला, म्हणजे गाळप हंगाम कधी संपला? त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. पहिलं इंजेक्शन कधी? बोट त्याच ओळीत एक घर पुढं सरकलं आणि तिथंच थांबलं. बराच वेळ ते बोट तिथंच होतं. वहिनी म्हणाल्या, "दर साली पट्टा पडला की ह्ये दोन दिवस नुसतं झोपूनच असत्यात."

झोपेच्या औषधांच्या बाबतीत ही गल्लत कुणाचीही होते. माणूस औषध शोधतो ते सगळ्यात वाईट दिवसांत, आणि सगळ्यात वाईट दिवसांनंतरचे दिवस बहुधा आपोआप जरा बरे येतात. शिवाय रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन बाजूला ठेवून, दिवा मंद करून, आता झोप येणार असं मनाशी धरून आडवं व्हायचं. यातलं काहीही त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं. सोळाही रात्री केलं, इंजेक्शनच्या निमित्तानं.

इथं माझी चूक सांगायला हवी. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी "डोळ्याला डोळा लागत न्हाई" म्हटलं आणि मी अल्प्राझोलाम ०.२५ च्या दहा गोळ्या लिहून दिल्या. बाहेर तीस माणसं बसली होती. पाळी कोणती हे विचारलं नाही. घोरता का, हे वहिनींना विचारलं नाही. पुढच्या दोन्ही हंगामांत तेच कागद पुन्हा लिहिले. त्यांनी डोस आपल्या मनानं ०.५ केला होता आणि इंजेक्शनच्या काळातही गोळी चालूच होती. विकणाऱ्यानं दोन्ही चालेल म्हणून सांगितलं होतं. पेप्टाइड विकणाऱ्यानं झोप का येत नाही हे विचारलं नाही याचा मला राग आहे, पण ते आधी मीच विचारलं नव्हतं.

बेचाळीस सेकंद

जखमेच्या पट्टीला आले तेव्हा वहिनींना एक काम दिलं. हे गाढ झोपले की मोबाइलवर पाच मिनिटांचं शूटिंग करा.

त्या दोन दिवसांनी घेऊन आल्या. अंधारात पाठीवर झोपलेला माणूस, घोरणं चढत चढत जातं, मग एकदम शांत. छाती आणि पोट वरखाली धडपडतंय, पण आवाज नाही, वारा आत जात नाही. मी घड्याळ बघत होते. बेचाळीस सेकंद. मग नरडं मोकळं होऊन एक मोठी घरघर, अंगाला झटका, कूस बदलली, आणि पुन्हा घोरणं सुरू. पाच मिनिटांत असं तीनदा. त्यांनी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. फोन खाली ठेवून म्हणाले, "मला वाटायचं मी जागाच असतो."

मग बाकीचं पटापट जुळत गेलं. मानेचा घेर ४३ सेंटीमीटर. रक्तदाब १५०/९४. बॉडी मास इंडेक्स ३१. सकाळी डोकं दुखतं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात. घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, मान, पुरुष, अशा आठ प्रश्नांच्या स्टॉप-बँग यादीत सहा गुण. पाच किंवा जास्त झाले की धोका मोठा. थायरॉइड ठीक, तीन महिन्यांची साखर ६.१.

एक गोष्ट त्यांनी वहिनी बाहेर गेल्यावर सांगितली. आदल्या वर्षी फेब्रुवारीत, रात्रपाळी संपवून पहाटे साडेचारला मोटरसायकलवरून येताना डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून उसाच्या सरीत गेली. घरी सांगितलं होतं कुत्रं आडवं आलं म्हणून. हंगामात त्या रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर उभे असतात, मागं धड लाल दिवाही नसतो. मी ते ऐकलं आणि पुढचं काही क्षण मला लिहिता आलं नाही.

मिरजेत एका रात्रीची झोपेची तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. तीसच्या पुढं म्हणजे तीव्र. साधारण दर दीड मिनिटाला एकदा. रक्तातला प्राणवायू एकदा ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. अशा माणसाला अल्प्राझोलाम दिलं की घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि गुदमरल्यावर जाग यायलाही उशीर होतो. निद्रानाश आणि झोपेत श्वास अडणं ही दोन्ही एकाच माणसाला असणं नवलाचं नाही. श्वास अडणाऱ्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे लोक झोप लागत नाही किंवा टिकत नाही अशीही तक्रार करतात. आणि दवाखान्यात ते घेऊन येतात तीच तक्रार.

उपचार

मुख्य उपचार सीपॅप. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांच्या गटानं त्याच्या वापराचे पहिले निकाल १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. आधी भाड्यानं घेतलं, कारण विकत घेऊन कपाटावर धूळ खात पडलेली यंत्रं मी पाहिली आहेत. पहिले दहा दिवस वाईट गेले. मिशीमुळं मास्कच्या कडेनं हवा निसटायची आणि डोळे कोरडे पडायचे. मास्क बदलला, मिशी कातरली. तिसऱ्या आठवड्यात सकाळचं डोकं दुखणं थांबलं. अल्प्राझोलाम एकदम न तोडता पाव पाव करत आठ आठवड्यांत बंद केलं. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे.

निद्रानाशासाठी सीबीटी-आय, म्हणजे सवयी आणि विचार दोन्हींवर काम करणारी पद्धत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून हीच सुचवली. तिच्यात अंथरुणातला वेळ मुद्दाम आखडायचा एक भाग असतो, तो मी त्यांच्याबाबतीत जवळजवळ सोडून दिला. मोटरसायकलची गोष्ट ऐकल्यावर त्यांची झोप दोन आठवड्यांसाठीसुद्धा कमी करायची माझी तयारी नव्हती. बाकीचं घेतलं. झोप आली तरच अंथरुणात जायचं. वीस-पंचवीस मिनिटं तळमळत काढायची नाहीत, उठून बाहेर बसायचं. आणि पाळी संपवून घरी आल्यावर तंबाखू मळायची नाही. निकोटिन झोप उडवतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, उलट तंबाखूनं डोकं शांत होतं असा समज.

एका पेप्टाइडबद्दल मात्र पुतण्याला सांगावं लागलं, कारण त्यानं नेमकं तेच विचारलं. टिर्झेपाटाइड, ३९ अमिनो आम्लांची माळ, आठवड्यातून एकदा टोचायची. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, लठ्ठपणा आणि झोपेत श्वास अडणं दोन्ही असलेल्या ४६९ लोकांना ५२ आठवडे ती किंवा नुसतं पाणी दिलं. औषधवाल्या गटात तासाला अडणाऱ्या श्वासांची संख्या २५ ते २९ नं घटली, दुसऱ्या गटात पाचच्या आसपास. त्या डिसेंबरात अमेरिकेत या आजारासाठी मान्यताही मिळाली. ती झोप आणत नाही, वजन उतरवते आणि त्यानं घसा मोकळा होतो. पण तिच्यामागं शेकडो माणसं, वर्षभराची नोंद आणि तुलनेला दुसरा गट आहे, दुष्परिणामांची मोजदाद आहे. आमच्या पेशंटला महिन्याचा खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि चालणं धरलं. ऑक्टोबरपर्यंत सहा किलो उतरले.

हंगाम

खरी परीक्षा नोव्हेंबरात होती, बॉयलर पेटल्यावर. मी आधीच चिठ्ठी दिली होती. कारखान्यातल्या साहेबांनी पाळी दर आठवड्याऐवजी पंधरवड्यानं बदलायचं मान्य केलं. रात्रपाळी पूर्ण काढून टाकता आली नाही, पॅनवर जाणती माणसं कमी आहेत. पहाटे चारला सुटल्यावर मोटरसायकल न घेता पलीकडच्या गावातल्या सहकाऱ्याच्या गाडीतून यायचं ठरलं. वहिनींनी झोपायच्या खोलीच्या खिडकीला मल्चिंगचा काळा कागद दोन पदरी ठोकला. दारात कुणी हाक मारू नये म्हणून बाहेर पायताण काढायच्या जागी एक वीट उभी करून ठेवतात. वीट उभी म्हणजे पॅनमन झोपलेत, हे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

जानेवारीत यंत्राचं कार्ड घेऊन आले. यंत्र लावल्याची महिन्याची सरासरी रोज पाच तास चाळीस मिनिटं, श्वास अडण्याचं प्रमाण तासाला ४. पहाटे चारच्या पाळीचा पंधरवडा अजून वाईट जातो. रात्री साडेआठला अंथरुणात जायचं आणि पावणेतीनला उठायचं, त्या दिवसांत चार तासांच्या वर आकडा जात नाही. त्यावर माझ्याकडं अजून धड उपाय नाही. दुपारी एक ते अडीच झोपून बघतायत, ते बरं चाललंय असं ते म्हणतात, पंधरवड्यानं पुन्हा कार्ड बघू. डब्यातली बाटली त्यांनी परत मागितली नाही. पुतण्यानं विकणाऱ्याचा नंबर काढून टाकला की नाही ते मी विचारलेलं नाही.

जाताना वहिनी दारात थांबल्या. यंत्र आल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्यांनाच झोप लागली नव्हती म्हणाल्या. वीस वर्षं त्या घोरण्याच्या आवाजात झोपल्या होत्या आणि आवाज थांबला की दचकून उठायची सवय होती. आता आवाज थांबलेलाच असतो. रात्री दोन-दोनदा उठून त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बघायच्या.

"आता न्हाई उठत," म्हणाल्या, "त्या मशिनचा बारीक आवाज येतो, त्यावर कळतंय."